काशीनानांचं जाणारं नेट

भाड्यानं घर बघायला गेलं की घरमालक काय विचारतात, हे मला तोंडपाठ झालं होतं. गाव कुठलं, माणसं किती, मासे-मटण चालतं का, मिस्टर कुठे कामाला असतात. नावडे गावातल्या काशिनाथ घरतांनी यातलं एक अक्षर विचारलं नाही. पहिल्या मजल्यावरच्या रिकाम्या खोलीत त्यांनी मला उभं केलं, तिथल्या वायफायला माझा फोन जोडून दिला, माझा नंबर घेतला आणि म्हणाले, "ताई, तू हितंच थांब. मी खाली जातंय. फोनवर मी दिसन, बोटा दाखवीन. किती दाखवली ती नंतर मना सांग."

मला वाटलं, म्हातारा माझे डोळे तपासतोय. नवरा तर परत फिरायच्या बेतात होता. तेवढ्यात व्हिडिओ कॉल आला आणि पडद्यावर पासष्टी ओलांडलेला, दाढी-मिशी गुळगुळीत केलेला एक चेहरा उगवला. चेहऱ्याशेजारी उजवा हात. दोन बोटं, पाच, तीन, मग काहीतरी पुसट, मग एक. एवढं झाल्यावर ते धापा टाकत जिना चढून वर आले.

"सांग."

"दोन, पाच, तीन, एक."

"मधी मूठ दाखवली होती."

"मूठ नाही दिसली. चित्र थांबलं होतं."

त्यांचा चेहरा एकदम खुलला. "बरोबर. थांबलाच होता. माज्या फोनवर पन नेट कमी दाखवला. तुज्या आदी एक आलता, तो म्हनला मूठ दिसली. खोटा बोलला तो. खोली तुजी."

अट एकच होती. नेट आमचं, पण पासवर्ड त्यांच्याकडेही राहणार, आणि संध्याकाळी दिवे लागल्यावर ते कधीही येऊन आमच्या राउटरपाशी बसणार. मी घरूनच ऑनलाइन गणिताच्या शिकवण्या घेते. नेटची एवढी काळजी करणारा घरमालक मिळणं म्हणजे मला भाग्यच वाटलं. दिवाळी झाल्यावर आम्ही सामान आणलं, आणि ते भाग्य पुढे रोज चपला काढून, बगलेत घडीची खुर्ची घेऊन आत येऊ लागलं.

सगळा गाव त्यांना काशीनाना म्हणतो, म्हणून आम्हीही म्हणायला लागलो. त्यांची इमारत तीन मजल्यांची. तळमजल्यावर ते एकटे, कारण माई, म्हणजे त्यांची बायको, जाऊन काही वर्षं झाली. पहिल्यावर आम्ही. दुसऱ्यावर कांबळे, मूळचे नांदेडकडचे, तळोज्याच्या एका कारखान्यात शिफ्टला जाणारे. तीन मजले, तीन घरं, आणि नेट मात्र चार प्रकारचं. जिन्यात वायरींचा असा गुंता, की नवा माणूस वर येताना मान वाकवूनच येतो.

चौघांना नानांनी नावं दिली होती. टेलिफोनच्या तांब्याच्या तारेतून त्यांच्या घरी येणारा 'जुना'. आमच्याकडच्या केबलवाल्याचा, जाड काळ्या वायरीचा 'काला'. कांबळ्यांकडे फायबर, त्याची तार काचेची असते हे कुणीतरी सांगितल्यापासून ती 'काच'. आणि गच्चीवर पाण्याच्या टाकीशेजारी, मोबाइलच्या टॉवरकडे तोंड करून बसवलेला 'डबा'. नाना या चौघांबद्दल बोलायला लागले की घरातल्या चार भावांची गाऱ्हाणी ऐकल्यासारखं वाटायचं. येणारा म्हणजे डाउनलोडचा वेग, जाणारा म्हणजे अपलोडचा.

"जुना म्हातारा हाय, पन रोज कामाला येतंय. येनारा आठ, जानारा एकाच्या आत. काला नुसता गप्पा मारतो. जाहिरातीत शंबर, दुपारी साठ, आन् सांजच्याला आख्खा गाव मालिका बगाया बसला का पंदरा. जानारा तर दोन. काच खरी. जेवरा येतंय तेवराच जातंय. पन रस्ता खनला का काच तुटली, आन् नावड्यात रस्ता कवा खनत नाय तो सांग. डब्याचा तर इचारूच नको. एक दिस दोनशे, पाऊस आला का लपून बसतंय."

संध्याकाळी नेट मंद होतं त्याला ते ओहोटी म्हणत. तरुणपणी त्यांनी खाडीत जाळी टाकली होती, पुढे कारखान्यात नोकरी केली, पण तिथीवरून भरती सांगायची सवय गेली नव्हती. "आता ओहोटी हाय ताई, आता मोटा काय पाठवू नको," असं ते मला बजावत, आणि मी ऐन शिकवणीत मुलांना त्रिकोण काढून दाखवायच्या आधी खिडकीतून डोकावून त्यांना विचारायला लागले होते.

आपण सगळे येणाऱ्याच्या मागे असतो. आपल्या घरात किती वेगानं येतं, सिनेमा अडकतो का, एवढंच आपल्याला हवं असतं. नानांना त्याचं काही नव्हतं. त्यांना आपल्याकडून किती जातं ते हवं असे. कुणी वेगाचा आकडा सांगितला की ते हात वर करून म्हणत, "येनारा सोर. जानारा कवरा?" येणारं सोड, जाणारं किती ते सांग. बारशाला, साखरपुड्याला, मयताच्या भेटीला, कुठेही गेले तरी हाच प्रश्न. एकदा गावात हळद होती. इकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. बेंजो वाजतोय, माणसं नाचताहेत, आणि नाना नवरीच्या मामाच्या कानाशी तोंड नेऊन विचारताहेत, जानारा कवरा. मामांना वाटलं, हुंड्याचं विचारताहेत. ते चांगलेच तापले.

गावाला मात्र नानांच्या नेटपेक्षा त्यांच्या मिशीचं कोडं मोठं होतं. त्यांच्या बाहेरच्या खोलीत एक जुना फोटो आहे. त्यात दोन्ही टोकं वर वळवलेली अशी मिशी आहे, की फोटोची चौकट कमी पडावी. ती मिशी त्यांनी एक दिवस अचानक काढून टाकली, आणि त्याच आठवड्यात जन्माची तंबाखू सोडली. कुणी म्हणालं नवस असेल, कुणी म्हणालं पैज हरला. कांबळे एकदा जिन्यात मला हळूच म्हणाले, "मॅडम, दुसरं लगीन करायच्या इचारात हाय का काय म्हातारा?" नानांची बोलण्याचीही एक तऱ्हा होती. प्रत्येक शब्दाला तोंड एवढं उघडत, की समोर डॉक्टर बसून घसा तपासतोय असं वाटावं.

एकदा फायबर विकणारा एक सेल्समन आला. गळ्यात पट्टा, हातात पत्रकं. त्यानं नानांना जिन्यातच गाठलं.

"अंकल, तीनशेचा प्लॅन आहे. मक्खन चालतं."

"येनारा सोर. जानारा?"

"सेम टू सेम अंकल. तीनशे येणार, तीनशे जाणार."

"कागदावर का घरात?"

"घरात म्हणजे... वायफायवर थोडं कमी होतं. भिंती असतात ना मध्ये. वायर लावली तर पूर्ण मिळेल."

"आन् सांजच्याला?"

सेल्समननं पट्टा नीट केला. "अंकल, पण अपलोडचं एवढं टेन्शन कशाला घेता? अपलोड कोण बघतं? तुमी काय व्हिडिओ टाकता का रोज?"

मला वाटलं, आता याला ओहोटीवर व्याख्यान मिळणार. पण नानांनी नुसता हात पुढे केला. पत्रक घेतलं, घडी घालून खिशात ठेवलं.

"टाकतंय," ते म्हणाले. "रोज टाकतंय."

नाना रोज संध्याकाळी मुलीशी बोलतात, एवढं मला माहीत होतं. रेश्मा बंगळूरला असते, नवराही तिकडेच नोकरीला. ती कामावरून घरी आली की फोन करते. तिच्या वेळेला इमारतीत जे नेट बरं चालत असेल त्याच्यापाशी नाना खुर्ची मांडतात. आमच्याकडे बसले की ट्यूबलाइट तोंडावर येईल अशी खुर्ची सरकवून घेत आणि फोन भिंतीला टेकवून ठेवत. मी आतल्या खोलीत शिकवणीत असे, त्यामुळे पुढचं कधी पाहिलं नव्हतं.

एका संध्याकाळी शिकवणी नव्हती म्हणून मी त्यांच्यासाठी चहा घेऊन गेले. नाना तोंड उघडून, हात नाचवून बोलत होते आणि फोनवर माइकच्या खुणेवर लाल फुली होती. म्हाताऱ्या माणसाची नेहमीची चूक. मी हलक्या आवाजात म्हटलं, "नाना, तुमचा आवाज बंद आहे. तिला काही ऐकू जात नसेल."

पडद्यावरची नजर न हलवता नाना म्हणाले, "तिला जन्मापासून नाय जात."

मी कप खाली ठेवून पडद्याकडे वाकले. पडद्यावर तिशीतली एक हसरी बाई होती. तिनं मला पाहिलं, मग नानांकडे बघून स्वतःच्या वरच्या ओठापाशी दोन बोटं नेली आणि तिथे नसलेल्या मिशीला पीळ दिला.

"मी हाय तो," नाना म्हणाले. "तिचा बाबा म्हनायचा इशारा. मिशी काढली, पन तिच्या बोटात राहिलीय."

मग सगळं उलगडलं. मिशी ओठांवर येत होती आणि रेश्माला पडद्यावर ओठ वाचता येत नव्हते, म्हणून गेली. तंबाखूचा बार भरला की तोंड नीट उघडत नाही, म्हणून तीही गेली. आपलं चित्र थांबलं तर आपण म्हणतो, असू दे, आवाज येतोय ना. हे वाक्य नानांसमोर कुणी म्हटलं की ते रागानं उठून का जात, तेही कळलं. त्यांच्याकडून जाणारं थांबलं की त्यांच्या मुलीसाठी ते मुकेच होत.

रेश्मा शाळेत गेली, शिकली, तिला लिहिता-वाचता उत्तम येतं. पण बापलेकीची भाषा शाळेतली नव्हती. ती माईंनी घरात बनवली होती. एक एक खूण, त्या घरात जे दिसलं त्यावरून. बाबा म्हणजे मिशीचा पीळ. भूक म्हणजे तांदूळ पाखडल्यासारखे हात. आणि 'ये' म्हणजे दोन्ही मुठींनी, एका हातापुढे दुसरा हात टाकत, दोरी ओढायची. लहानपणी ती खाडीच्या काठी उभी राहून बापाला जाळं ओढताना बघायची, तिथून ती खूण आली. या सगळ्यात एकच खूण जगभर चालते तशी होती. हाताचा पंजा समोर धरून हलवायचा. नको.

त्या 'नको'नंच घात केला होता. आम्ही राहायला यायच्या आधीची, गेल्या भादव्यातली गोष्ट. आमच्या त्या संध्याकाळच्या चहावर नानांनी ती मला सांगितली. गौरी जवळ आल्या होत्या. गौर घरात आणायची ती माहेरवाशिणीनं, असा त्यांचा रिवाज. तेरड्याची गौर घेऊन पोरगी दारात उभी राहते आणि मग घर गौरीचं होतं. लग्न झाल्यापासून ते रेश्माचंच काम. तिनं फोनवर विचारलं, येऊ का. नाना म्हणाले, दगदग करून नको येऊ, आदल्या दिवशी रजा काढ, सावकाश ये, मी कळंबोलीला घ्यायला उभा राहतो.

त्यातलं जेवढं गेलं ते एवढंच. नानांचा पंजा, आणि 'नको' म्हणणारं तोंड. तिथे चित्र थांबलं. रेश्मासमोर कितीतरी वेळ बापाचा तो पंजा तसाच उभा राहिला, मग कॉल तुटला. थोड्या वेळानं नानांच्या फोनवर तिचा मेसेज आला. एकच शब्द. 'समजलं.'

"मी काय समजलो? तिला समजला, ती येतंय," नाना म्हणाले. "मी आपला खुशीत. पाटावर नवा कपरा आनला. पहाटेला कलंबोलीला जाऊन उभा राहिलो. बंगलूरच्या गाड्या आल्या, गेल्या. फोन लावला, तिनं उचलला नाय. मंग मना पन राग आला. शेजारच्या पोरीनं गौर आनली. दिवाली आली तवा ती फोनवर म्हनली, बाबा, तू मना मायेरला नको का बोललास?"

"मग तुम्ही सांगितलं ना तिला?"

"सांगितला. पन तवा जुन्यावर होतो. मधीच थांबला. तिला पटला का नाय, मना काय माईत."

जुन्यावर. एकाच्या आत जाणाऱ्या तारेवर त्या माणसानं आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा खुलासा केला होता. त्याच दिवाळीनंतर गच्चीवर डबा आला, वर काच आली, मिशी गेली, आणि नव्या भाडेकरूला बोटं मोजायला लागली. रेश्मा रोज बोलायची, हसायची. माहेरी येण्याचा विषय मात्र दोघंही काढत नव्हते.

"मग तुम्ही जाऊन या ना तिकडे," मी म्हटलं.

"जाऊन आलो. तिचा घर चांगला हाय. पन मी तिच्या दारात उभा राहून काय उपेग गो? गौर घेऊन तिनं माज्या दारात उभा राहायला पायजे."

त्या रात्री मी महाडला आईला फोन केला. आईनं नेहमीप्रमाणे सांगितलं, एवढ्या थंडीत धावपळ करून येऊ नको हो. मी फोन ठेवला आणि पहिल्यांदा लक्षात आलं, की आमच्याकडे सगळी माया 'नको'पासूनच सुरू होते. दमू नकोस, उपाशी राहू नकोस, एवढं काही आणू नकोस. 'ये' हा शब्द शेवटी, तोही जमलं तर. ऐकणाऱ्याला तो आपोआप ऐकू येतो, म्हणून भागतं. मला एकदम घरी जावंसं वाटलं.

श्रावण संपत आला तसे नाना अस्वस्थ झाले. या वर्षी बोलवायचं होतं आणि चूक होऊ द्यायची नव्हती. मी म्हटलं, "नाना, आपण वाक्यच छोटं करू. मध्ये कुठेही थांबलं तरी अर्थ बदलणार नाही असं. नुसतं 'ये'."

"नुसता ये?"

"नुसतं ये. करून दाखवा."

नानांनी मुठी वळल्या, दोरी ओढली आणि मोठं तोंड उघडून म्हणाले, "रेश्मा, ये. पन दगदग नको..."

"नको नाही म्हणायचं."

"बरा. रेश्मा, ये. जावयाची रजा मोरत असंल तर नको..."

"नाना."

"ये. येताना काय आनू नको."

ही तालीम आमच्याकडे आठवडाभर चालली. खाडीत उतरून जाळी ओढलेल्या माणसाला एक शब्द गिळता येत नव्हता. एकदा त्यांनी सगळं बरोबर केलं, मी टाळी वाजवली, आणि त्यांनी पंजा हलवून मला सांगितलं, कौतुक नको करू.

ठरल्या संध्याकाळी सगळे कांबळ्यांकडे जमलो, कारण काच त्यांच्याकडे होती. मी शिकवणी रद्द केली होती. कांबळ्यांनी शिफ्ट बदलून घेतली होती, आणि काचेवर दुसरं काही चालू नये म्हणून स्वतःचा टीव्ही, बायकोचा फोन, सगळं बंद केलं होतं. वायफायवर कमी होतं हे सेल्समननं सांगितलेलं नाना विसरले नव्हते. त्यामुळे राउटर टेबलावर आणि नाना राउटरला खेटून. मागच्या भिंतीवर कॅलेंडरं, घड्याळ आणि बाबासाहेबांची तसबीर होती. त्या गर्दीत हात नीट दिसणार नाहीत म्हणून कांबळे आणि माझा नवरा दोन टोकांना एक निळी चादर धरून उभे राहिले. खाली रस्ता खणलेला नव्हता. पाऊसही नव्हता.

रेश्मा आली. नानांनी ओठापाशी मिशीला पीळ दिला, म्हणजे मी. मग मुठी वळल्या आणि ओढायला लागले. हातापुढे हात, हातापुढे हात. तोंड गच्च मिटलेलं, कारण उघडलं तर काय बाहेर पडेल याची त्यांना खात्री नव्हती. ते थांबेचनात. घाम आला, श्वास लागला, तरी ओढतच राहिले. चादर धरलेले कांबळे दुसरीकडे बघायला लागले.

नेट मंद झाल्याची खूण पडद्यावर एकदाही आली नाही. काचेनं शब्द पाळला.

मग रेश्माचा हात तिच्या ओठापाशी गेला. मिशीचा पीळ. बाबा. आणि तिथेच ती थांबली. तिच्याकडून येणारं अडकलं होतं. बोटं ओठावर, डोळे अर्धवट मिटलेले, पुढचं वाक्य बंगळूरच्या संध्याकाळी कुठेतरी राहिलेलं. आम्ही वाट बघितली. कॉल तुटला. परत लावला, लागला नाही. थोड्या वेळानं फोन वाजला. मेसेज होता. 'समजलं.'

"आलं की उत्तर नाना," कांबळे चादर खाली ठेवत म्हणाले. "समजलं म्हणले ना. झालं मग."

"मागल्या साली पन समजला होता," नाना म्हणाले.

मी म्हटलं, "मी तिला मेसेज करून विचारते, येतेस का म्हणून." नानांनी मान हलवली. "मायेरचा बोलावना मेसेजवर नसतो ताई. मी ओढलाय. तिला दिसला असंल तर येल." पुढचे दिवस ते रोज फोनवर बोलले, हसले, आणि हा प्रश्न त्यांनी परत विचारला नाही. उत्तर परत मध्येच थांबलं तर, ही भीती त्यांना जास्त होती.

गौरी यायच्या दिवशी पहाटे मी त्यांच्याबरोबर कळंबोलीला गेले. त्यांनी ये म्हटलं नव्हतं, पण एकटे जाऊ देववेना. सर्कलपाशी गाड्या थांबत होत्या, पेंगुळलेली माणसं उतरत होती, रिक्षावाले ओरडत होते. बंगळूरची एक गाडी आली. नाना पुढे झाले. तिच्यातून कुणी आपलं उतरलं नाही. दुसरी आली, ती थांबलीच नाही. नाना मागे येऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होते.

तिसऱ्या गाडीतून रेश्मा उतरली. खांद्यावर एक बॅग, हातात दुसरी, तीही चांगली जड. ती बॅग उचलायला वाकली, आणि आठवडाभराची तालीम केलेले आमचे नाना पंजा समोर धरून जोरजोरात हलवत तिच्याकडे धावले. "नको, नको, तू नको उचलू."

मग त्यांचं स्वतःच्या पंज्याकडे लक्ष गेलं. हात तसाच हवेत राहिला. तोंड उघडं, चेहरा पांढराफटक.

रेश्मा हसली. मोठ्यानं, स्वतःला कधीच ऐकू न आलेल्या त्या आवाजात. रिक्षावाले वळून बघायला लागले. तिनं बॅग खाली ठेवली, बापाचा तो पंजा धरला, त्याची बोटं एक एक करून मिटून मूठ केली, आणि ती मूठ स्वतःकडे ओढली.

त्या वर्षी तेरड्याची गौर घेऊन ती नानांच्या दारात उभी राहिली तेव्हा आम्ही सगळे जिन्यात होतो, वायरींखाली मान वाकवून. नानांनी दारात तिचे पाय धुतले. माईंच्या जागेवर शेजारची एक काकू उभी राहिली आणि रडली. मीही रडले. गौरींचं विसर्जन झालं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळच्या गाडीनं रेश्मा गेली.

त्याच्या पुढच्या संध्याकाळी नाना खुर्ची घेऊन आमच्याकडे आले. रस्ता खणल्यामुळे काच तुटली होती, डबा पावसात गप्प होता, म्हणून काल्यापाशी बसले. मी शिकवणी सुरू करणार होते, पण ते बोलायला लागले.

"तिचे कानाजवलचे केस पिकलेत," ते म्हणाले. "इतक्यात कसे काय पिकले गो? आन् भुवईवर डाग हाय, गॅसवर भाजलेला. जुना डाग. मी रोज बगतो तिला, मना कदी दिसलाच नाय."

मी लॅपटॉप मिटून त्यांच्याशेजारी बसले.

"मी आपला एकच धरून बसलो," नाना म्हणाले. "माजी बोटा तिला दिसली पायजेत. ती मना कशी दिसते तो बगितलाच नाय."

त्यांनी चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकाला पुसला आणि परत लावला. मग फोन भिंतीला टेकवून ठेवला आणि खुर्ची इतकी पुढे घेतली, की गुडघे भिंतीला लागले.

"ताई, आज जानारा सोर," ते म्हणाले. "येनारा कवरा हाय?"

मी फोनवर मोजलं आणि आकडा सांगितला. संध्याकाळ होती, ओहोटीची वेळ, आकडा काही मोठा नव्हता. नानांनी मान डोलावली. रेश्माचा फोन यायला अजून वेळ होता, तरी ते रिकाम्या पडद्याकडेच बघत बसले.